रिट्रीव्हरचं पिल्लू चेंडू आणून देत नाही? या चुका टाळा

गोट्या आमच्या पुण्यातल्या कोथरूडच्या फ्लॅटवर आला तेव्हा नऊ आठवड्यांचा होता. काळा लॅब, म्हणजे लॅब्राडोर रिट्रीव्हर, पायापेक्षा पंजे मोठे. चौथ्या दिवशी त्यानं सासऱ्यांची कोल्हापुरी तोंडात धरली आणि ऐटीत हॉलमध्ये घेऊन आला. आम्ही काय केलं? "अरे सोड, सोड!" करत सगळे मागे धावलो. नवरा सोफ्याच्या एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, सासूबाई लाटणं घेऊन दारात. चप्पल सुटली. पण तेवढ्यात पिल्लू दोन गोष्टी शिकलं: तोंडात काही धरलं की अख्खं घर आपल्यामागे पळतं, आणि सापडलो की वस्तू हिसकावली जाते. पुढचा दीड महिना चेंडू टाकला की उचलायचा आणि थेट पलंगाखाली.

खरं तर रिट्रीव्हर म्हणजेच वस्तू आणून देणारा कुत्रा, ही हौस त्याला उपजतच असते. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर पाण्यात काम करायचे. गोल्डन रिट्रीव्हरची पैदास एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये झाली, टिपलेले पक्षी न चिरडता आणून देण्यासाठी. त्यामुळे 'आण' शिकवण्यापेक्षा आपल्या हातून ती हौस मरू न देणं हे मोठं काम. बहुतेक घरांत ती मरते ते पिल्लू परत आल्यानंतर, फेकण्यात काही बिघडलेलं नसतं.

पिल्लू चेंडू घेऊन जवळ आलं की आपला हात पहिल्यांदा चेंडूकडे जातो. हीच सगळ्यात मोठी चूक. दोन-तीनदा असं झालं की ते हाताच्या टप्प्याबाहेर थांबायला लागतं, आणि आपण म्हणतो, "हट्टी आहे." हट्टी नाही, शहाणं आहे. जवळ आलं की चेंडूकडे बघूसुद्धा नका. छातीवर, पाठीवर खाजवा, कौतुक करा आणि दहा-पंधरा सेकंद वस्तू त्याच्याच तोंडात राहू द्या. डोक्यावरून हात नेऊ नका, तो हिसकावायला आल्यासारखा वाटतो. मग नाकासमोर खाऊ धरा. तोंड उघडलं की त्या क्षणी "सोड" म्हणा. खाऊ दिला की तीच वस्तू लगेच पुन्हा टाका. दिलं की परत मिळतं, एवढं त्याला पटलं पाहिजे. खाऊ म्हणजे नखाएवढा पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा. मनुका-बेदाणे अजिबात नकोत, कुत्र्याच्या किडनीला ते घातक असतात.

मात्र खाऊ आधीपासून हातात दाखवलात, तर लॅब अर्ध्या वाटेत चेंडू टाकून खाऊकडे येईल. पुडी खिशात ठेवा. जबडा उघडून वस्तू काढणं किंवा आण-आणच्या खेळात रस्सीखेच करणं हेही टाळा. त्यानं पिल्लू घट्ट चावून धरायला शिकतं.

अर्ध्या वाटेतच बसून चघळत असेल तर मैदान फार मोठं आहे. फ्लॅटचा पॅसेज यासाठी सोन्यासारखा. बेडरूमची दारं लावून घ्या, एका टोकाला जमिनीवर बसा, पाठीमागे त्याची गादी ठेवा आणि चेंडू सात-आठ फुटांवर घरंगळत सोडा. पिल्लाला मिळालेली वस्तू आपल्या गादीकडे न्यायची असते, आणि वाटेत तुम्ही! यायला कचरत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका, उलट उठून दुसरीकडे पळा. आता पाठलाग त्यानं करायचा. फक्त आजकालच्या गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतात, वाढत्या सांध्यांना ते वाईट. जुनी सतरंजी अंथरा. उंच उसळणारा चेंडू आणि उड्याही मोठं होईपर्यंत नकोत.

वस्तूची निवड हाही घोळ. मुलांचा सीझन बॉल कोवळ्या दातांना फार टणक, आणि छोटा चेंडू घशात अडकू शकतो. हिरवळीवर लाल चेंडू कुत्र्याला नीट उठून दिसत नाही. निळा त्याला स्पष्ट कळतो. आमच्याकडे सगळ्यात चालला तो भिंत रंगवायचा कोरा रोलर! बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात मिळाला. दांडा आणि तार काढली की तोंडात छान मावतो, मऊ असतो. गाठ मारलेला मोजाही चालतो, पण खेळ संपला की कपाटात. गिळलेला मोजा आतड्यात अडकून थेट ऑपरेशनपर्यंत नेतो. वस्तू दिवसभर समोर लोळत असली की तिची किंमतही उरत नाही.

आणि किती वेळा टाकायचा? आपल्याला वाटतं पिल्लू रंगात आलंय, अजून दहा वेळा टाकू. चौथ्या वेळी ते वळून झोपायला जातं आणि आपण म्हणतो कंटाळलं. दोन-तीनदा टाका, त्याला अजून हवं असतानाच बंद करा. सासऱ्यांना हे पटायला वेळ लागला. "आत्ता कुठे खेळायला लागलाय" हे त्यांचं पालुपद.

बाहेर न्यायची घाई नको. लसींचा कोर्स साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतो, तोवर पार्वो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची भीती असते. तळजाई किंवा वेताळ टेकडीवर पहिल्यांदा नेलंत तरी लांब दोरी लावा, नाहीतर तिथला प्रत्येक वास चेंडूपेक्षा भारी ठरतो. पावसाळ्यानंतर परत आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. उन्हाळ्यात खेळ पहाटेच. डांबरावर उलटा हात पाच-सात सेकंद टेकवून पाहा, भाजलं तर घरी.

शेवटी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. चांगला खेळणारा गोट्या साडेचार महिन्यांचा झाल्यावर अचानक रोलर तोंडात धरेना. आम्ही आवाज चढवला, नवीन चेंडू आणले. मग एक दिवस गादीवर तांदळाएवढा दात सापडला. दुधाचे 28 दात पडून कायमचे 42 येण्याचा काळ साधारण चौथ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्यापर्यंत चालतो. हिरड्या ठणकत असताना आग्रह केला की वस्तू आणि दुखणं यांची मनात गाठ बसते. आम्ही खेळ पूर्ण थांबवला, ओला रुमाल पिळून फ्रीजमध्ये गार करून आमच्या देखत चघळायला दिला. (खाणंपिणंच सोडलं असतं, तर सरळ डॉक्टरकडे गेलो असतो.) सुळे वर दिसायला लागल्यावर रोलर कपाटातून काढला आणि पॅसेजमध्ये घरंगळत सोडला. घेऊन आला, मांडीवर डोकं टेकून उभा राहिला. दोनदा टाकला आणि सासऱ्यांनी स्वतःच तो कपाटात ठेवून दिला.