‘केस हार्डनिंग’ सांगताना आणि करताना या चुका टाळा

ड्रॉइंगवर नुसतं ‘केस हार्डन’ लिहून जॉब भट्टीवर पाठवला की अर्धी चूक तिथंच झालेली असते. यातला ‘केस’ म्हणजे स्टीलच्या जॉबचं (घडवलेल्या भागाचं) वरचं आवरण, साल. साल कठीण आणि गाभा चिवट ठेवायचा, म्हणजे पिन झिजतही नाही आणि धक्क्यानं तुटतही नाही. छिन्नीच्या धारेला पाणी देतात, ते काम वेगळं.

पहिला घोळ मटेरियलचा. ०.२ टक्के कार्बनचं एमएस (माइल्ड स्टील, साधं मऊ पोलाद) लाल करून तेलात बुडवलं तरी ते मऊच राहतं, कारण कठीण व्हायला कार्बनच नाही. तो आधी सालीत मुरवावा लागतो: ९०० ते ९५० अंश सेल्सिअसला कार्ब्युरायझिंग, मग क्वेंचिंग (तापलेला जॉब झटकन थंड करणं), मग १५० ते २०० अंशांना टेंपरिंग (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा हलकं तापवणं). इंडक्शन हार्डनिंगमध्ये (विजेच्या कॉइलनं वरचा थर तापवून लगेच थंड करणं) बाहेरून कार्बन जात नाही, त्यामुळे तिथं ०.४ टक्क्यांच्या आसपास कार्बन असलेलं ईएन ८ सारखंच स्टील लागतं. दोन्हींना सरसकट ‘केस हार्डनिंग’ म्हणतात आणि गफलत होते. कोणती प्रक्रिया हवी, ते नावानिशी लिहा.

सगळ्यात महाग पडते ती ग्राइंडिंगमधली चूक. समजा साल ०.५ मिमी आहे. क्वेंचिंगमध्ये पिन थोडी वाकली आणि ती गोल करताना एका बाजूनं ०.४ मिमी निघालं. कार्बन सगळ्यात जास्त बाहेरच्या थरात असतो, म्हणजे नेमका कामाचा थर गेला. अशी पिन आडवी कापा, कापलेला भाग पॉलिश करा आणि त्यावर नायटल (अल्कोहोलमधलं सौम्य नायट्रिक आम्ल) लावा. गाभ्याभोवती गडद कडं उमटतं; एका बाजूला ठसठशीत, दुसऱ्या बाजूला जेमतेम रेघ. पिन तिथूनच झिजणार. म्हणून सालीची खोली नेहमी ‘ग्राइंडिंगनंतर’ची मागा. नंतर वाढवून घेऊ म्हणाल, तर तेवढ्याच तापमानाला दुप्पट खोलीसाठी सुमारे चौपट वेळ लागतो.

कडकपणा कमी दिसला म्हणून लगेच भट्टीवाल्याला दोष देऊ नका. ६० एचआरसीला (रॉकवेल ‘सी’ मापावरचा कडकपणा) रॉकवेलचा हिरा ०.०८ मिमी आत जातो आणि त्याच्या दहापट तरी साल लागते. ०.३ मिमी सालीवर तो खालच्या मऊ गाभ्याचाही कौल देतो. पातळ सालीला कमी भाराची व्हिकर्स चाचणी (तिचं माप एचव्ही) घ्या.

मधेच मऊ ठिपके असतील तर आधी गंज, तेलाचा थर आणि एकमेकांना चिकटून ठेवलेले जॉब तपासा.

आटे मात्र मऊच ठेवा. आट्याचं टोक बारीक, कार्बन दोन्ही बाजूंनी शिरतो आणि गाभा उरतच नाही; नट आवळताना टोकं टवके उडून जातात. तिथं कार्बनरोधक पेस्ट किंवा तांब्याचा मुलामा द्यावा. मी ड्रॉइंगवर असं लिहितो: ‘कार्ब्युराइज, हार्डन, टेंपर. ग्राइंडिंगनंतर परिणामकारक खोली ०.८ ते १.० मिमी, ५५० एचव्हीपर्यंत. पृष्ठभाग ५८ ते ६२ एचआरसी. आटे मऊ.’ यातली परिणामकारक खोली म्हणजे पृष्ठभागापासून कडकपणा ५५० एचव्हीवर उतरेपर्यंतचं अंतर.