दिवाळीच्या घाईत रंगाचं काम काढू नका: गावातलं घर थोड्या पैशात कसं उजळवायचं

गावात रंगाचं नाव काढलं की सगळ्यांना दसरा ते दिवाळी हेच दिवस सुचतात, आन् माझ्या मते आपल्या विदर्भात रंगासाठी याच्याइतके वाईट दिवस नाहीत. पाऊस नुकताच गेलेला असते, भिंती आतून ओल्या, सोयाबीन सोंगणीवर आलेलं म्हणून मजूर भेटत नाही आन् भेटला तं डबल रोज सांगते, आपल्या हातात पैसा नाही कारण कापूस अजून पऱ्हाटीवरच आहे. मंग दुकानातून उधारीत डिस्टेंपर आणून ओल्या भिंतीवर दोन हात मारायचे आन् होळीपर्यंत त्याचे पापुद्रे वेचत बसायचं. दिवाळीला जाळे-जळमटं झाडा, सारवा, अंगणात सडा-रांगोळी करा, देवळी तेवढी चुन्यानं पोता, बस झालं. रंगाचं खरं काम संक्रांत झाल्यावर काढा, फेब्रुवारी-मार्चमधे. भिंती वाळलेल्या असतात, कापसाचे पैसे आलेले असतात, आन् घरी लग्नाचं असलं तं मांडवाच्या आधी घर तयार.

भिंत वाळली का नाही हे हात लावून कळत नाही. त्यासाठी एक जाड पन्नी हातभर कापा, भिंत खाली जिथं काळी पडली आहे तिथं चारी बाजूनं चिकटपट्टीनं घट्ट चिकटवा आन् एक दिवस-रात्र तशीच राहू द्या. काढल्यावर पन्नीच्या आतून थेंब दिसले तं ओल भिंतीतूनच येऊन राहिली आहे, त्यावर कोणता बी रंग मारा, पैसे पाण्यात.

म्हणून पहिला खर्च रंगावर नको, पाण्यावर करा. कवेलूचं, म्हणजे कौलाचं घर असलं तं वांदरांनी सरकवलेले, फोडलेले कवेलू पाहून घ्या, फेरायचं काम पावसाळ्याच्या तोंडावर करतोच आपण, पण ज्या भिंतीवर वरून खाली पिवळे ओघळ आलेत तिथले दोन-चार आताच बदलून टाका. टिनाचं असलं तं खिळ्यांच्या बुडाशी पहा, वायसर सडलेला असते. न्हाणीचं पाणी पाइपातून भिंतीच्या पायथ्याशीच पडते असे किती तरी घरं आहेत, तिथं तीन-चार फुटांची नाली काढून पाणी दूर नेलं तं अर्धी ओल तिथंच थांबते, आन् याला एक रुपया लागत नाही, फावडं लागते.

खाली भिंतीला पांढरा भुगा सुटते तो लोणा. जमिनीतलं पाणी भिंतीत चढते, सोबत खार घेऊन येते, पाणी वाळून जाते आन् खार बाहेर राहते. तो कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करून बाहेर फेका. धुवू नका, धुतला की विरघळून परत भिंतीतच मुरते. आन् लोण्यावर पुट्टी तर अजिबात नको. दुकानदार म्हणते "पुट्टी मारा भाऊ, समदं झाकते", झाकते बरोबर, पण एका पावसाळ्यापुरतं.

मातीच्या भिंतीच्या भेगा सिमेंटनं बुजवायची जी सवय लागली आहे ती सोडा. सिमेंट कडक, माती नरम, दोघांचं जमत नाही, काही दिवसात सिमेंटची खपली सुटून मातीचा पापुद्रा घेऊन पडते. त्यापेक्षा आपला जुना गारा बरा: चाळलेली माती, बारीक कुटार (भुसा), थोडं शेण, पाणी घालून चार-पाच दिवस कुजू द्यायचं, रोज पायानं तुडवायचं. भेग आधी खरडून थोडी मोठी करा, आत पाणी शिंपडा, मंग गारा दाबून भरा. एकदम जाड थर दिला तं वाळताना परत तडकते, म्हणून खोल भेग असली तं दोन वेळा भरा.

आता चुना. लोकांना वाटते चुना म्हणजे गरिबाचा रंग, गोठ्याला मारायचा. पण मातीच्या आन् जुन्या भिंतीला चुनाच योग्य आहे, कारण आतली ओल त्यातून बाहेर निघून जाते, प्लास्टिक पेंट मारला की ती आत कोंडते आन् फुगा येते. शिवाय पैशाच्या हिशोबानं त्याच्या जवळपास कोणी येत नाही. तयार पावडरपेक्षा कळीचा चुना आणा, भेटला तं. लोखंडी ड्रममधे आधी पाणी घ्या, किलोभर कळीला साधारण ५ लिटर, आन् कळ्या थोड्या थोड्या टाकत जा. एकदम सगळं टाकू नका, पाणी उकळते, फसफसते, शिंतोडे उडतात. प्लास्टिकचा टोपला वापरला तं गरमीनं वाकडा होते. लेकरं आन् बकऱ्या तिथून हाकला, डोळ्याला चष्मा लावा, नाही तं फवारणीचा असते तो लावा, कारण चुना डोळ्यात गेला तं मजाक नाही, लगेच भरपूर पाण्यानं धूत राहायचं आन् डॉक्टर गाठायचा. विरघळला की झाकून पूर्ण एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी जुन्या धोतराच्या कपड्यातून गाळा, खडे निघाले पाहिजे, नाही तं कुचीचे, म्हणजे चुन्याच्या ब्रशचे ओरखडे दिसतात.

त्यात डिंक लागते, नाही तं भिंतीला पाठ टेकली की सदऱ्यावर पांढरं. बाभळीचा डिंक गरम पाण्यात विरघळून, १० लिटर चुन्याला ४० ग्रॅमच्या आसपास. फेविकॉल बी चालते. नीळ टाकायची असली तं एकदम थोडी, किलो चुन्याला ३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, तेवढ्यानं पिवळटपणा मरते आन् पांढरा चमकते. निळ्या भिंतीच पाहिजे असल्या तं गोष्ट वेगळी, मंग हात मोकळा सोडा.

मारायच्या आधी भिंतीवर पाणी शिंपडा. हात पातळ मारा, दुधाएवढा पातळ. पहिल्या हाताला भिंत नुसती ओली दिसते, पांढरं काही दिसतच नाही, आन् इथंच माणूस घाबरून चुना घट्ट करते. करू नका. चुना वाळताना हवेतला वायू शोषून परत दगड बनत जाते, त्यामुळे खरा पांढरा दुसऱ्या दिवशी दिसते. घट्ट मारलेला थर खपलीनं सुटते. नव्या भिंतीला तीन हात, जुन्या चुन्यावर एक-दोन पुरतात, पण पहिला हात उभा तं दुसरा आडवा, आन् मधे वाळू द्या. आधीचा डिस्टेंपर असला तं खरडून काढल्याशिवाय चुना धरत नाही, ऑइल पेंटवर तं धरतच नाही, तिथं नाद सोडा.

घरकुलवाल्यांसाठी एक गोष्ट. योजनेचे पैसे भिंती आन् छतातच संपतात, प्लास्टर राहून जाते, आन् लोक वर्षानुवर्षं उघड्या विटात राहतात, "प्लास्टर झालं की रंग मारू" म्हणत. थांबू नका, विटेवर थेट चुना मारा. वीट पाणी आन् चुना दोन्ही चांगलं पिते, फक्त पाणी जास्त शिंपडा आन् पहिला हात कुचीनं सांधीत घुसवून मारा. विटांची नक्षी दिसत राहते आन् खोली एकदम उजेडाची होते. पुढं कधी प्लास्टर करायचं ठरलं तं मात्र आधी तो चुना घासून काढा म्हणजे प्लास्टर धरते.

पांढऱ्या भिंतीची एकच अडचण, खालून मळते. त्यासाठी खाली दीड-दोन फुटाचा गेरूचा पट्टा घ्या. याच्यानं घराला जी शिस्त येते ती महागड्या रंगानं येत नाही, पण पट्टा सरळ पाहिजे. दोन टोकांना जमिनीपासून मोजून खूण करा, सुतळी नीळेच्या भुकटीत घोळा, दोघांनी दोन खुणांवर ताणून धरा आन् मधे चिमटीत पकडून भिंतीवर फटकारा, सटकन निळी रेघ उमटते. मंग रेघेच्या खाली गेरू भरा. गेरू रात्री भिजत घाला, त्यात फेविकॉल टाका, नाही तं पोरांच्या शाळेच्या ड्रेसला लाल लागते. जमीन वाकडीतिकडी असली तं जमिनीपासून मोजू नका, पाइपात पाणी भरून लेव्हल काढा, गवंडी काढते तशी.

नक्षी करायची हौस असली तं रंगात करण्यापेक्षा मातीत करा. सेवाग्रामची बापू कुटी पाहिली असंल तं आठवा, माती, बांबू आन् कवेलूचं घर, आन् भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननं मातीच उठवून झाडं आन् चरखा काढला आहे. रंग नाही, फक्त उठाव, उजेड बाजूनं पडला की दिसते. तेवढं मोठं नको, देवळीच्या भोवती बोटाएवढ्या गाऱ्याच्या वळ्या लावून कमान करा, ओल्या हातानं गुळगुळीत करा, वाळली की सगळ्यावर चुना. ज्या आजीला चूल थापता येते तिला हे शिकवावं लागत नाही, तिलाच बसवा.

दार. माझ्या मते घरात सगळ्यात जास्त फरक दारानं पडते आन् सगळ्यात कमी लक्ष तिथंच असते. जुन्या घरांना सागाचे दारं आहेत, आन् त्यावर हिरवा, मंग चॉकलेटी, मंग परत हिरवा असे ऑइल पेंटचे थर. खरडून पहा एका कोपऱ्यात. खाली साग निघाला तं सगळं खरडा, आधी पत्र्याच्या पट्टीनं, मंग जाड पॉलिश पेपर, मंग बारीक, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. तोंडाला दुपट्टा बांधा, जुन्या पेंटची धूळ फुफ्फुसाला चांगली नाही, त्यात शिसं असू शकते, म्हणून लहान लेकरं आन् गर्भार बाई जवळ नको आन् धूळ ओल्या फडक्यानं गोळा करा. मंग जवसाचं तेल. आपल्या विदर्भात जवस पिकते, घाणीवर तेल भेटते, आन् लाकडाला याच्यासारखं दुसरं नाही. पहिल्या हाताला टार्पिन अर्धं मिसळा म्हणजे आत मुरते. फडक्यानं लावा, पंधरा-वीस मिनिटांनी वरचं राहिलेलं तेल कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून काढा, राहिलं तं चिकट होते आन् आपल्या इकडची सारी धूळ दाराला बसते. तीन-चार दिवसांनी दुसरा हात. आन् एक लक्षात ठेवा, तेलाचे ते फडके बोळा करून कोपऱ्यात फेकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होते आन् बोळा आपोआप पेटू शकते. उघड्यावर पसरून वाळवा, मंग फेका.

भिंतीवर लोंबणारे वायर हे दुसरं. त्यांना पट्टीत घालून सरळ कोपऱ्यातून नेलं की खोली अर्धी साफ दिसते. मेन स्विच बंद करून, जाणकार माणसाकडूनच. बल्बच्या जागी एलईडी तं आता सगळीकडे आहेच. कवेलूच्या घरात अंधार असला तं छपरात एक-दोन काचेचे कवेलू बसवा, दिवसा लाइट लावायचं काम नाही.

पडद्यासाठी बाजारात जाऊ नका. सुती साडी साडेपाच मीटर असते, मधून कापली की दोन दारांचे पडदे, वरून चार बोटं दुमडून शिवून त्यात दांडी घालायची, काठ खाली किंवा बाजूला येऊ द्या. सिंथेटिक साडी नको, उन्हाळ्यात हवा अडवते. जमिनीवर ते फुलाफुलाचं प्लास्टिकचं अंथरते लोक, शेणामातीच्या जमिनीवर ते कधी टाकू नका, खाली ओल धरते, वास येते, विंचू-किडे बसतात. बुरडाकडून बांबूचा तट्टा करून घेतला तं ओसरीत आडोसा बी होते आन् दिसायला बी मस्त.

अंगणात जास्त काही लागत नाही, तुळशीवृंदावन गेरू-चुन्यानं रंगवा, तेलाच्या रिकाम्या डब्यांना बुडाला छिद्रं पाडून सदाफुली लावा. मे महिन्यात पाणी टँकरचं असते तेव्हा गुलाब मरतो, सदाफुली आन् कोरफड राहतात.

पेंटर लावायचा असला तं रोजानं का गुत्त्यानं (ठेक्यानं) हे आधी ठरवा. आपलं सामान आन् त्याची मजुरी असा गुत्ता बरा, रोजात काम लांबते. माप समजून घ्या: १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० फूट नाही, १० फूट उंच असली तं चार भिंतींचे ४४० फूट होतात, दार-खिडकी वजा करून ४०० च्या वर. हे माहीत नसलं की भाव ऐकून धक्का बसते नाही तं रंग कमी पडते. पैसे सगळे आधी देऊ नका, अर्धे मधे, राहिलेले शेवटचा हात दिवसाउजेडी पाहून.

उरलेला चुना फेकू नका. स्लॅब असला तं झाडून-धुवून त्यावर दोन हात मारा, डिंक किंवा फेविकॉल थोडा जास्त टाकून, एप्रिल लागायच्या आधी. पारा ४५ वर जाते तेव्हा पांढरा स्लॅब काळ्या स्लॅबपेक्षा कमी तापते, रात्री पंख्याची हवा जरा तरी गार लागते. पावसात धुवून जाते, पुढच्या फाल्गुनात परत मारायचा. तरी उरला तं अंगणातल्या लिंबाला आन् आंब्याला बुडापासून तीन फूट लावून द्या.