उलटा सिंहगड: मायोर्कातला सायकलचा एक दिवस

सिंहगड चढताना मध्येच पाय संपले तर सायकल वळवायची, ब्रेकवर हात ठेवायचा आणि पायथ्याच्या गोळेवाडीपर्यंत आयतं उतरायचं. भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावर, सा कालोब्राच्या घाटात, ही सोय नाही. तिथला रस्ता ६८२ मीटर उंचीवरच्या कोल देल्स रेइस खिंडीतून २६ वळणं घेत समुद्रापर्यंत उतरतो आणि तिथेच संपतो. एके ठिकाणी तर गाठ मारल्यासारखा स्वतःच्याच खालून निघतो. आंतोनिओ पारिएत्ती या अभियंत्याने १९३२ मध्ये आखलेला हा घाट आहे साडेनऊ किलोमीटरचा, सरासरी चढ सात टक्के. आपल्या सिंहगडाच्या डांबरी घाटाचा जवळचा भाऊच म्हणायचा, फक्त उलटा टांगलेला. म्हणून पुण्यातून चार-सहा जणांचा ग्रुप जाणार असेल, तर तयारी उलट्या क्रमाचीच हवी.

तयारी अशी: पहाटे पाचला स्वारगेटहून निघून सिंहगड एकदा आरामात चढा. वर वीस मिनिटं थांबून खा (पिठलं-भाकरी नको, ती दुसऱ्या चढाला नडते). मग उतरा आणि गोळेवाडीत पाय न टेकता लगेच परत चढायला लागा. खरी परीक्षा याच क्षणाची आहे. उतारावर वीस-पंचवीस मिनिटं पाय फिरलेले नसतात, गार वाऱ्याने मांड्या आखडतात, आणि पहिल्याच चढावर जड गिअर दाबला की गुडघा तक्रार करतो. पहिली पाच मिनिटं हलक्यात हलका गिअर, हे तिथेच अंगवळणी पाडा. जायच्या आधी असे तीन-चार ‘डबल सिंहगड’ झाले पाहिजेत. मधल्या दिवसांत बोपदेव किंवा कात्रजचा जुना घाट पुरतो. पावसाळ्यात मात्र सिंहगडाचा उतार टाळा. शेवाळ आणि सुटे दगड, दोन्ही असतात.

सायकल तिथे भाड्याने मिळते, पण बुकिंग करताना दोन गोष्टी आवर्जून लिहा. पहिली, गिअर. पुढे ५०/३४ आणि मागे ११-३४ दात्यांची चक्रं मागा. पुढच्या ३४ ला मागचं ३४ लावून मिनिटाला ७० वेळा पायडल फिरवलं तर वेग ताशी पावणेनऊ किलोमीटर मिळतो, म्हणजे अख्खा घाट तासाभरात. मागे २८ चं चक्र असेल तर त्याच लयीला पावणेअकराचा वेग राखावा लागतो. पंचाहत्तर किलोच्या माणसाला सात टक्क्यांवर पावणेनऊच्या वेगाला साधारण १६० वॉट लागतात, पावणेअकराच्या वेगाला १९०. हा तीस वॉटचा फरक शेवटच्या तीन किलोमीटरांत कळतो.

दुसरी गोष्ट ब्रेकची, आणि ती जास्त धोक्याची. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, युरोपात बहुधा डाव्या. घाबरून ‘मागचा’ समजून डावा कचकचून दाबला की पुढचं चाक अडतं आणि माणूस हँडलवरून पुढे. दुकानदाराला बदलून द्यायला सांगा. नाहीच जमलं तर पहिली दहा किलोमीटर सपाटीवर हात बसवा. स्वतःची पायडलं नेलीत तर विसरू नका, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. घरच्या सायकलची सीटची उंची क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून मिलिमीटरमध्ये मोजून नेलीत तर दुकानात वेळ वाचतो. हवा २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरला, सत्तर किलोच्या माणसासाठी, ७० ते ७५ पीएसआय.

पोर्ट दे पोयेन्सापासून निघा. पोयेन्सा गाव, मग कोल दे फेमेनिया, मग लुक मठ, तिथून सा कालोब्राचा फाटा. जाऊन-येऊन शंभरच्या आसपास किलोमीटर आणि दोन हजार मीटरहून जास्त चढ. मार्च ते मे किंवा ऑक्टोबरमध्ये जा, जुलै-ऑगस्ट उन्हाचा. एप्रिलच्या सुरुवातीला उजाडतं साडेसातच्या सुमारास. तेव्हाच बाहेर पडा, कारण उशीर झाला की पर्यटकांच्या बसगाड्या घाटात शिरतात आणि एकेका वळणाचा सगळा रस्ता व्यापतात. बस दिसली की वळणाच्या आधीच उजव्या कडेला थांबून तिला जाऊ द्या.

वाहतूक उजवीकडून. चूक सहसा चालवताना होत नाही, कॉफी पिऊन पुन्हा निघताना होते. सवयीने माणूस डावीकडे जातो. प्रत्येक थांब्यानंतर पुढच्याने मोठ्याने ‘उजवीकडे!’ म्हणायचं. शहराबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे.

चढावर एकमेकांसाठी रेंगाळू नका, ज्याची त्याची लय वेगळी. भेटायची ठिकाणं आधी ठरवा: लुकजवळचा पेट्रोल पंप, फाट्यावरची टपरी, खिंड. ट्यूब, पंप आणि चेन जोडायची लिंक सगळ्यात ताकदीच्या माणसाकडे द्या आणि त्याला शेवटी ठेवा. उतारावर चार-पाच सायकलींचं अंतर राखायचं, ओव्हरटेक बंद. ब्रेक वळणाआधी दाबा, वळणात सोडा. बाहेरचा पाय खाली, नजर वळणाच्या टोकाकडे. रिमवर दाबणारे ब्रेक सतत धरून उतरलात तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. विंडचीटर खिंडीतच चढवा.

दर तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं आणि अर्धा-पाऊण लिटर पाणी हवं. शेंगदाण्याची चिक्की, खजूर इथूनच न्या. पेढे मात्र नेऊ नका, युरोपीय संघात प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. शाकाहाऱ्यांनी एनसाइमादा हा तिथला गोड गुंडाळा पाव टाळावा, त्यात डुकराची चरबी असते. पाव, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलाचं पा आम्ब ओली चालतं, पण हॅम नको म्हणून आधी सांगा.

उरला एकच निर्णय, आणि तो खाली नाही, खिंडीतच घ्यायचा. तिथे पोचताना तासाभरात काही खाल्लं नसेल, मांडीत गोळे येऊ लागले असतील किंवा एक बाटली रिकामी असेल, तर त्या माणसाने खाली उतरू नये. त्याने फाट्यावरच्या टपरीवर संत्र्याचा रस घेऊन बाकीच्यांची वाट पाहावी. खालच्या किनाऱ्यावरून पोर्ट दे सोयेर या बंदराला बोट जाते, पण ती हंगामावर आणि समुद्रावर अवलंबून असते, म्हणून तिच्या भरवशावर उतरायचं नाही. खाली पोचलेल्यांनीही किनाऱ्यावर भरपेट जेवू नये. पाणी भरावं, केळं खावं आणि पंधरा मिनिटांत चढाला लागावं, पाय आखडायच्या आत.