धूर कमी, कोळसाही कमी

ग्रिल पेटवलं की शेजारच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. धुराचं मूळ दोन ठिकाणी होतं. एक म्हणजे कोळसा पेटवायला ओतायचं ते ज्वालाग्राही द्रव. ते बंदच केलं. आता चिमणी स्टार्टर वापरतो: पत्र्याचं नळकांडं, खाली चुरगाळलेला कागद, वर कोळसा. हवा खालून वर खेचली जाते आणि साधारण 15-20 मिनिटांत वरच्या कोळशावरही राखेची साय धरते. तोवर जाळीवर काही ठेवायचं नाही, भूक कितीही लागो.

दुसरं, निखाऱ्यांवर ठिबकणारं तेल आणि चरबी. त्या धुरात पीएएच नावाची घातक संयुगं असतात. म्हणून निखारे एका बाजूला सारले, रिकाम्या बाजूला जाळीखाली ट्रे ठेवला. तेलकट पदार्थ त्या ट्रेच्या वरच्या जाळीवर, झाकण लावून. वेळ थोडा जास्त लागतो, पण करपत नाही.

झाल्यावर पाणी न ओतता झाकण आणि झडपा घट्ट बंद करतो. हवा तुटली की निखारे विझतात, उरलेला कोळसा पुढच्या वेळी चालतो. पूर्ण गार झालेली राख कंपोस्टमध्ये चिमूटभर. तीही साध्या लाकडी कोळशाचीच, ब्रिकेटची (कोळशाची भुकटी दाबून केलेल्या वड्यांची) नको.