जुन्या गाडीचं घड्याळ: एकदा 'टक्' आणि मग गप्प

बॅटरी जोडली की 'टक्' व्हायचं, मिनिटभर काटे चालायचे, की बंद. फ्यूज बदलला, अर्थिंग घासलं, काचेवर टिचक्याही मारल्या. चार रविवार वाया!

दोष पॉइंटमध्ये, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या टोकांमध्ये निघाला. या घड्याळाची स्प्रिंग दर एक-दोन मिनिटांनी विद्युतचुंबक ताणतो. दर वेळी पॉइंट उघडताना ठिणगी पडते, त्या ठिणग्यांनी पॉइंट काळे पडतात. आधी बॅटरीची वायर काढली, मग घड्याळ उघडलं. पॉइंटमधून १००० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच ओढला, स्पिरिटने पुसलं. चाकांच्या टोकांना सुईवर मावेल एवढंच घड्याळाचं तेल. पॉइंटला थेंबही नाही. १२ व्होल्ट देताच विद्युतचुंबकाची पट्टी झटक्यात हलली, टिकटिक सुरू. शेवटी ठिणग्या कमी व्हाव्यात म्हणून कॉइलला (विद्युतचुंबकाच्या तारेच्या गुंडाळीला) समांतर १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा सुटा भाग), त्यावरच्या पट्ट्याची बाजू प्लसकडे. बॅटरी उतरलेली असेल तर घड्याळ जोडून ठेवू नका. पॉइंट चिकटून कॉइल जळते.