एफ ०.९५ वर फोकस बसवायचा कसा

मॅन्युअल फोकसची लेन्स नवीन बॉडीला लावली आणि बटण दाबलं तरी कॅमेरा ढिम्म, ही पहिली तक्रार ठरलेली. लेन्स खराब नाहीये. तिच्यात इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट नाहीत, त्यामुळे पुढे लेन्स आहे हे कॅमेऱ्याला कळतच नाही आणि तो शटर सोडत नाही. मेन्यूमध्ये ‘शूट विदाउट लेन्स’ किंवा ‘रिलीज विदाउट लेन्स’ अशा नावाचा पर्याय शोधून चालू करा. मेन्यू उघडाच आहे तर बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) असल्यास फोकल लेंग्थही, म्हणजे लेन्स किती मिमीची ते, हाताने भरून टाका. ३५ मिमी लेन्स असेल तर ३५ च भरायचं. एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर आहे म्हणून दीडने गुणून ५२ भरणारे बरेच भेटतात. तसं केलं की कॅमेरा गरजेपेक्षा जास्त भरपाई करतो आणि स्थिर हातानेही फोटो हलतो.

मी एपीएस-सी बॉडीवर ३५ मिमी एफ ०.९५ वापरते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं), तीही मुख्यतः दिवेलागणीनंतर, घरात वावरणाऱ्या माणसांसाठी. या पंगतीत सेव्हनआर्टिझन्स, टीटीआर्टिझन, मिताकॉन, लाओवा अशी नावं आहेत. मायक्रो फोर थर्ड्सवाल्यांना (त्यांचा सेन्सर एपीएस-सीहूनही लहान) व्होइग्टलेंडरची नॉक्टॉन मालिका आहे. तिच्यातली २९ मिमी तर एफ ०.८ ची आहे. घेताना लेन्स एपीएस-सीसाठी आहे की फुल फ्रेमसाठी, एवढं नक्की पाहा, नाहीतर फोटोचे चारही कोपरे काळे येतील. व्होइग्टलेंडरच्या सोनी ई माउंटच्या लेन्समध्ये कॉन्टॅक्ट असतात. फोकसच्या रिंगला हात लागला की व्ह्यूफाइंडरमधलं चित्र आपोआप मोठं होतं आणि अ‍ॅपर्चरचा आकडा फोटोच्या माहितीत नोंदला जातो. निवडीला वाव असेल तर ही सोय सोडू नका.

आणि खरेदीआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: फक्त उजेडासाठी ०.९५ हवी आहे का? १.४ पेक्षा ती एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) आणि वर चिमूटभर, इतकाच उजेड जास्त देते. म्हणजे १/६० च्या जागी १/१२५. तेवढ्यासाठी वजन, धूसर कोपरे आणि जांभळ्या कडा घ्यायच्या नसतील तर चांगली १.४ पुरे. ०.९५ घ्यायची ती तिच्या चित्रासाठी.

आता मुख्य काम. या लेन्सवर १ मीटरवरचा माणूस टिपताना शार्प दिसणारा पट्टा जेमतेम ३ सेंटिमीटरचा असतो. तोच माणूस २ मीटरवर गेला की पट्टा १२ सेंटिमीटर होतो. अंतर दुप्पट, पट्टा चौपट. म्हणून शिकणाऱ्याला मी आधी मागे सरकायला सांगते. चेहरा चौकटीत थोडा लहान येईल, येऊ दे.

व्ह्यूफाइंडरशेजारचं, तो आपल्या नजरेला जुळवणारं डायऑप्टरचं चाक आधी नीट लावा. ते लावताना समोरच्या दृश्याकडे बघू नका, व्ह्यूफाइंडरमधल्या आकड्यांकडे बघा. ते स्वच्छ दिसले की झालं. मग चित्र मोठं करण्याचं काम अशा बटणाला द्या, जे उजव्या अंगठ्याला न शोधता सापडेल. डावा हात रिंगवरून उठता कामा नये.

फोकस पीकिंगवर, म्हणजे शार्प कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर, लोकांचा फार जीव. कमी पातळीवर, लाल रंगात मीही ते चालू ठेवते, पण जवळपास पोचण्यापुरतंच. पीकिंग कॉन्ट्रास्टच्या कडा शोधतं. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर या लेन्सचं चित्र मुळातच मऊ असतं, त्यामुळे पापण्यांवर काहीच उमटत नाही आणि मागे असलेली चष्म्याची जाड काडी मात्र लालभडक होते. त्या लाल रेघेच्या भरवशावर शटर दाबलं की फोटोत कान शार्प येतो.

मी करते ते असं. चौकट आधी ठरवते. मोठं करून दाखवणारा चौकोन कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर नेते आणि चित्र मोठं करते. आता बुबुळात पडलेली दिव्याची चमक बघायची. फोकस डोळ्याच्या मागे गेला असेल तर त्या ठिपक्याला जांभळट कड दिसते, डोळ्याच्या पुढे आला असेल तर हिरवट. रिंग सावकाश फिरवली की जांभळा रंग ओसरतो, ठिपका आकसतो, क्षणभर स्वच्छ पांढरा होतो आणि लगेच हिरव्याकडे झुकू लागतो. हिरवा दिसेपर्यंत जायचं आणि केसभर मागे यायचं. लेन्सचा दोषच इथे आपल्याला फोकस दाखवतो. ज्या महागड्या लेन्समध्ये हे रंग जवळजवळ नसतात, तिथे ही युक्ती चालत नाही; तिथे पापण्यांच्या मुळाशी बघावं लागतं.

पांढरा ठिपका दिसला म्हणून थांबू नका, तेव्हाच दाबा. मोठ्या चित्रातून बाहेर येऊन, चौकट न्याहाळून, मग शटर दाबेपर्यंत बोलणारा माणूस दोन-तीन सेंटिमीटर सहज हलतो. तुम्हीही हलता, श्वासागणिक. त्यामुळे एकाच्या जागी सलग चार-पाच फ्रेम घ्या आणि त्या घेताना कमरेतून किंचित पुढे झुका. रिंगला हात न लावता अंगाने पट्टा डोळ्यावरून सरकवायचा. त्यातली एखादी बसतेच.

ऑटोफोकसच्या काळातली एक सवय इथे मोडावी लागते: मधोमध फोकस घ्यायचा आणि कॅमेरा वळवून चौकट जमवायची. १ मीटरवर कॅमेरा १५ अंश वळवला तर फोकसची पातळी साधारण साडेतीन सेंटिमीटर मागे जाते. आपला पूर्ण पट्टाच तीन सेंटिमीटरचा. चौकट आधी, फोकस नंतर, हा क्रम त्यासाठीच.

अ‍ॅपर्चर आवळून फोटो काढायचा असेल तर फोकसही आवळलेल्या अ‍ॅपर्चरवरच घ्या. उघड्यावर फोकस घेऊन मग एफ २ करणं ही जुनी शिस्त आहे आणि या लेन्सवर ती दगा देते. लेन्सच्या कडांमधून आलेला प्रकाश आणि मधून आलेला प्रकाश नेमका एका जागी मिळत नाही. अ‍ॅपर्चर आवळलं की कडांचा प्रकाश कापला जातो आणि फोकस सरकतो. मिररलेसमध्ये व्ह्यूफाइंडर सेन्सरवरचं खरं चित्र दाखवतो आणि उजेडाची कमतरता स्वतः भरून काढतो, त्यामुळे अडचण काहीच नाही. आरसा असलेल्या डीएसएलआरवर या लेन्स वापरणं जिकिरीचं होतं ते याच कारणाने: तिथला फोकसिंग स्क्रीन साधारण एफ २.८ पेक्षा उथळ फोकस दाखवायचाच नाही, म्हणजे डोळ्याला दिसायचं एक आणि फोटोत यायचं दुसरं.

अ‍ॅपर्चर रिंगला टिकटिक नसेल तर ती पिशवीत आपोआप फिरते. कॅमेरा बाहेर काढला की आधी तिथे नजर टाका, कारण कॉन्टॅक्ट नसलेल्या लेन्सचा आकडा स्क्रीनवर कुठेच दिसणार नाही.

भर उन्हात या लेन्स मी फारशा काढत नाही. काढायच्याच तर हिशोब असा: स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि एफ १६ ला १/१०० लागतो, तर एफ ०.९५ ला साधारण १/२८०००. बऱ्याच बॉडींचं मेकॅनिकल शटर १/४००० किंवा १/८००० ला संपतं. इलेक्ट्रॉनिक शटर पुढे जातं, पण वेगाने जाणारी गाडी त्यात तिरकी दिसते. तीन स्टॉपचा एनडी ८ फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावला की काम १/३५०० वर येतं. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरच्या पहिल्या पडद्याचं काम सेन्सरने करायची सेटिंग) मात्र बंद करा. वेगवान शटर आणि उघडं अ‍ॅपर्चर यांच्या जोडीला ते असलं की मागच्या उजेडाचे गोळे एका बाजूने कापल्यासारखे येतात, आणि दोष बिचाऱ्या लेन्सला जातो.

राहता राहिला इन्फिनिटीचा. बऱ्याच लेन्सची रिंग त्या खुणेच्या पुढेही फिरते, त्यामुळे टोकापर्यंत फिरवून चांदणं टिपायला जाल तर प्रत्येक तारा पुरीसारखा फुगलेला येईल. रात्री खूप दूरचा एखादा दिवा किंवा ठळक तारा घ्या, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, चित्र मोठं करा आणि ठिपका सगळ्यात लहान होईल तिथे रिंगवर पांढऱ्या मार्करने बारीक रेघ मारा. कडक थंडीत ही जागा थोडी सरकते. लेन्स आणि बॉडी जोडणारा अ‍ॅडाप्टर बदललात तर रेघ पुसून नवी मारा.