मार लागून कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर

वरचे पुढचे दोन दात तोंडावर पडताना सगळ्यात आधी मार खातात. ते पुढे आलेले असतील आणि ओठ नीट मिटत नसतील तर जास्तच. दात पूर्ण बाहेर आला की बहुतेक जण तो रुमालात गुंडाळून दवाखाना शोधायला निघतात, आणि दात तिथेच हातचा जातो. मुळाला चिकटलेल्या बारीक तंतूंमध्ये जिवंत पेशी असतात. त्या कोरड्या हवेत झपाट्याने मरतात. अर्ध्या तासात बऱ्याचशा, तासाभरात जवळपास सगळ्या.

मूल बेशुद्ध पडलं, उलट्या करतंय किंवा असंबद्ध बोलतंय तर आधी हॉस्पिटल.

नाहीतर दात दुधाचा की कायमचा, ते बघा. वरचे पुढचे कायमचे दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात. दुधाचा दात लहान आणि जास्त पांढरा असतो. तो परत बसवायचा नाही, आतल्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होऊ शकते. खात्री नसेल तर दात दुधात टाकून डेंटिस्टकडे न्या.

कायमचा असेल तर चघळायच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, पिवळसर मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये हलकेच विसळा. दोन्ही नसेल तर गार पाण्याच्या नळाखाली दहा सेकंद, बस. घासायचं नाही, साबण नाही, कापडाने पुसणं नाही. मुळाला चिकटलेला तंतूचा तुकडा घाण समजून ओढू नका, वाचवायचा आहे तो तोच. मग फुगीर बाजू ओठाकडे ठेवून खोबणीत बोटाने हळू दाबत बसवा. शेजारच्या दाताच्या पातळीला आला की स्वच्छ रुमालाची घडी चावून धरायला सांगा आणि निघा.

बसवायला जमत नसेल, मूल हात लावू देत नसेल, तर जोर करू नका. दात गार साध्या दुधात बुडवा. गरम किंवा साखर घातलेलं दूध नको. दूध नसेल तर मुलाला वाटीत थुंकायला लावून त्या लाळेत ठेवा. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात, म्हणून पाणी शेवटचा पर्याय. तरी कोरडं ठेवण्यापेक्षा बरं.

डेंटिस्ट एक्स-रे काढतात आणि दात शेजारच्या दातांना बारीक, लवचिक तारेने दोन आठवडे बांधतात. तार जाड आणि ताठ असेल तर दात हाडाला चिकटण्याचा धोका वाढतो. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर रूट कॅनॉल दोन आठवड्यांच्या आत सुरू करावं लागतं. लहान मुलात मुळाचं टोक उघडं असेल तर रक्तपुरवठा परत येण्याची आशा असते, म्हणून आधी वाट पाहतात. अँटिबायोटिक बहुधा देतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते आठवून सांगा.

तास उलटून गेला तरी दात टाकू नका. असा दात पुढे हाडाला चिकटतो, मूळ हळूहळू झिजून त्याची जागा हाड घेतं, आणि वाढत्या वयात तो शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसू लागतो. पण तोवर जागा आणि हाडाची रुंदी टिकते, आणि मोठेपणी पुढचे उपचार सोपे जातात.

बाकीचे प्रकार थोडक्यात. तुकडा उडाला असेल तर पाण्यात घालून आणा, बऱ्याचदा तोच चिकटवता येतो. तुकडा सापडत नसेल आणि ओठ फाटला असेल तर ओठाचाही एक्स-रे हवा, तो आत रुतलेला असू शकतो. तुटल्या जागी लाल ठिपका दिसला तर नस उघडी आहे. मुलांमध्ये नसेचा वरचा थोडा भाग काढून औषध भरलं की नस बहुधा वाचते. दात आडवा सरकला असेल तर जागेवर आणून चार आठवडे बांधतात. दोन-तीन दात एकत्र हलत असतील तर हाड तुटलंय, तिथेही चार आठवडे.

घरी दोन आठवडे खिचडी, वरणभात असं मऊ खाणं, प्रत्येक जेवणानंतर मऊ ब्रश, डॉक्टरांनी दिलेल्या क्लोरहेक्सिडीनच्या (जंतुनाशक औषधाच्या) चुळा दिवसातून दोनदा. तपासणी दोन आणि चार आठवड्यांनी, मग तीन, सहा, बारा महिन्यांनी, त्यानंतर निदान पाच वर्षं वर्षातून एकदा. दुखत नाही म्हणून ही फेरी चुकवू नका: मूळ आतून झिजताना दुखत नाही. मध्येच हिरडीवर पुळी आली किंवा दात करडा पडू लागला, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.